नक्कल, अस्सल आणि तेरची माती

१८५३ साली नळदुर्गचा मुलूख निजामाने इंग्रजांच्या हवाली केला आणि त्याच वर्षी पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे आला. पुढे १८७६ च्या युरोपयात्रेत या दिवाणांनी बेन्झोनी या शिल्पकाराची, बुरख्याआडून चेहरा दिसणारी संगमरवरी रिबेका खरेदी केली. सालारजंग संग्रहालयात आज ती पाहावयास गर्दी होते. तेथील इतर अनेक पाश्चात्त्य पुतळे मात्र नामांकित शिल्पांच्या प्रतिकृती आहेत, आणि ‘नक्कलच ती’ असे म्हणून जाणते प्रेक्षक पुढे सरकतात.

हा तुच्छभाव रास्त नव्हे. ग्रीक शिल्पकार मायरन याचा थाळीफेक करणारा मूळचा ब्राँझचा. तो केव्हाच नष्ट झाला. आज जग त्याला ओळखते ते रोमनांनी घडविलेल्या संगमरवरी प्रतींमुळे. नकलाकारांनी हात आखडता घेतला असता तर अस्सलाची स्मृतीही उरली नसती.

या प्रश्नाची दुसरी बाजू पाहण्यास हैदराबाद गाठण्याचे कारण नाही. नळदुर्गच्याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असल्याचे व तेथून कापड भडोचला जात असल्याचे नमूद आहे. तेरला पांढऱ्या मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या मूर्ती सापडल्या. त्या तंत्रावर रोमन छाप असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. उलट, तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली. हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. घेणे आणि देणे, दोन्ही येथे घडले.

ही साक्ष आज उपलब्ध आहे, याचे मोठे श्रेय तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांना द्यावयास हवे. गावच्या पांढरीत मिळणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर वेचल्या आणि अखेर शासनाच्या स्वाधीन केल्या. दिवाणांपाशी दौलत होती. लामतुऱ्यांपाशी नजर होती. परंतु त्यांच्या संग्रहाचे खरे मोल असे की, वस्तू कोणत्या मातीतून आली हे ठाऊक राहिले. ठावठिकाणा हरवलेली अस्सल मूर्ती ही मुकी होते; ठावठिकाणा असलेली नक्कलसुद्धा इतिहास बोलते.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुने शिल्प हे पुरावशेष ठरते. म्हणजे एके काळी शोभेसाठी आणलेली जुनी प्रतिकृतीही आज त्या कक्षेत येते. पण कायदा कपाटात राहतो आणि मूर्ती बाजारात जाते. नांगराच्या फाळाला लागलेली वस्तू कोठे सापडली, हे गावातल्या गावात त्याच दिवशी लिहून ठेवले गेले नाही, तर ती व्यापाऱ्याच्या हाती पडल्यावर कोणत्याही पंडिताला ते सांगता येणार नाही. जुन्या वाड्यांतून, शाळांतून पडून असलेल्या पुतळ्यांनाही हाच न्याय लागू आहे. अस्सल की नक्कल, हा वाद नंतरचा. आधी नोंद हवी.