वैद्यकाच्या वाटेवरील आदिवासी

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात, गारखेडा परिसरातील रुग्णालयांपासून फारशा दूर नसलेल्या त्या दाट वस्तीत, परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या बाहेरगावच्या मुली भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांत सोयगाव-कन्नडच्या डोंगरपट्ट्यातील भिल्ल घरातली किंवा किनवटकडची एखादी गोंड अथवा कोलाम मुलगी असली, तर ती किती उंबरठे ओलांडून येथवर पोहोचली, याची कल्पना घरमालकालाही सहसा नसते.

आदिवासी मुलामुलींना वैद्यकसेवेत का आणावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ अनुकंपेत शोधणे मला अपुरे वाटते. तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेली आई आपल्या बोलीत जे सांगते ते तपासणाऱ्यास उमगले नाही, तर औषध योग्य असूनही उपचार फसतो, आणि फसलेला उपचार पाड्यावर वर्षानुवर्षे विसरला जात नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासींची संख्या एक कोटीच्या वर आहे. एवढ्या लोकांशी दुभाष्यामार्फत बोलणारे आरोग्यखाते अधुरेच राहणार.

गडचिरोलीने हे लवकर ओळखले. 1973 साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना रुग्णांची माडिया भाषा प्रथम शिकून घ्यावी लागली. 1976 साली तेथेच निघालेल्या शाळेतून पुढे स्वतः डॉक्टर झालेले माडिया तरुण बाहेर पडले. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतून पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या, गावातच राहणाऱ्या स्त्रिया आरोग्यदूत म्हणून निवडल्या. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करावे, त्याचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा, तो साठावर गेला की सावध व्हावे, अशक्त बाळाला उबदार पिशवीत ठेवावे आणि जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे जुळली तर आईबापांच्या संमतीने इंजेक्शन द्यावे, असे हे काम होते. या सर्व स्त्रिया आदिवासी नव्हत्या. परंतु गावाचा विश्वास हीच पहिली पात्रता मानून उरलेली विद्या शिकवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, तेथील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि 2011 साली केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली.

मात्र आशा ही आजही कामाच्या मोबदल्यावर राबणारी स्वयंसेविका आहे. पाड्यावरचा अनुभव जिच्या गाठीशी आहे, तिने परिचारिका व्हावे आणि तिच्या मुलीने डॉक्टर व्हावे, असा सरळ जिना आपण बांधलेला नाही. खालच्या पायरीवर तिचे कौतुक होते आणि वरच्या पायरीसाठी तिला पुन्हा प्रारंभापासून उमेदवार व्हावे लागते.

वैद्यकीय प्रवेशात राज्यात 7 आणि केंद्रीय संस्थांत साडेसात टक्के जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, परंतु त्या जागेच्या आणि मुलीच्या मध्ये जात-पडताळणीचे दप्तर उभे असते. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल-बुकाची नक्कल, महसुलाची जुनी नोंद, आणि तीही शक्यतो 1950 पूर्वीची, हे सारे मागितले जाते. ज्या घरात शाळेची पायरी तिनेच प्रथम चढली, त्या घरातून आजोबांचा दाखला निघावा कसा? मराठवाड्यात निजामी अमलातील कागद उर्दूत असल्याने, नक्कल हाती आली तरी ती वाचून देणारा जाणकार शोधावा लागतो. बनावट दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या आहेत, म्हणून पडताळणी हवीच. पण पुराव्याची ही धावपळ सतरा वर्षांच्या मुलीवर न सोपवता, ती अकरावीत असतानाच आदिवासी विकास खात्याने स्वतः तालुक्याचे दप्तर धुंडाळावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्रवेशानंतरचा उंबरठा याहून कठीण असतो. जळगावकडील तडवी भिल्ल समाजातून आलेल्या, मिरजेला एम.बी.बी.एस. झालेल्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. 22 मे 2019 रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि त्याआधी अशाच आरोपांच्या पार्श्वभूमीवर जीवन संपवलेले संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला यांनी उच्च शिक्षणातील जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. कोणत्याही महाविद्यालयाने आदिवासी विद्यार्थ्याला जागा देताना, त्याची तक्रार निर्भयपणे ऐकणारा आणि ती ऐकून हालचाल करणारा जबाबदार माणूसही द्यायला हवा, हे समजण्यासाठी आणखी एका आईने न्यायालयाची पायरी चढण्याची वाट पाहू नये.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना निवास-भोजनाचा खर्च देणारी ‘स्वयम्’ योजना राज्यात आहे. पण रक्कम उशिरा जमा झाली तर घरमालक मुदत वाढवीलच असे नाही, आणि म्हणून ती सत्राच्या आरंभीच हातात पडावी. आदिवासी लोकसंख्या बहुसंख्य असलेल्या नंदुरबारला 2020 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, हे योग्य दिशेचे पाऊल होय. तेथे किंवा अन्यत्र शिकून तयार झालेल्या आदिवासी डॉक्टर-परिचारिकांपैकी ज्यांना आपल्या तालुक्यात काम करावयाचे असेल, त्यांना नेमणुकीत अग्रक्रम द्यावा. मात्र तेथेच जाण्याची सक्ती करू नये, कारण मुंबईच्या रुग्णालयात शल्यविशारद होण्याचा हक्क कोरकू मुलीलाही तितकाच आहे. आणि जी जाईल, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाणी व दिवा असलेले घर, रात्री सोबतीला दुसरी परिचारिका आणि वेळेवर पगार मिळावा, एवढी तरतूद नेमणुकीच्या हुकमातच लिहिलेली असावी.