परदेशातल्या मित्राचं घर आणि खर्चाचं गणित

“राहायला मित्राचं घर आहे, म्हणजे खर्च काय तो तिकिटाचा.” ऑनलाइन ओळख झालेल्या मित्राला भेटायला परदेशी निघालेल्या तरुणांच्या तोंडी हे वाक्य असतं आणि त्यांना सल्ला देणारे ते त्याहून ठासून सांगतात. मध्य प्रदेशातल्या धार-देवासच्या मराठी घरांतली मुलं काय किंवा गंधवानीसारख्या तहसिलीच्या गावातली काय, मोबाइलवर बुद्धिबळ खेळताना, भाषा शिकताना, गेम खेळताना फ्रान्समधला किंवा मलेशियातला कुणीतरी त्यांच्या रोजच्या बोलण्यात येऊन बसतो. मैत्री खरी असते, भेटायची ओढही खरी असते आणि त्यात गैर काहीच नाही. चुकतं ते गणित. मित्राच्या घराने हॉटेलचं बिल वाचतं, हे खरं. पण तुमच्या राहण्याखाण्याची जबाबदारी कुणाची, तुमचं त्या माणसाशी नातं काय आणि तुम्ही परत कशावरून याल, हे तीन प्रश्न त्या घराने मिटत नाहीत. उलट ते जास्त बारकाईने विचारले जातात. कारण हॉटेलच्या आरक्षणाला नात्याचा पुरावा लागत नाही, मित्राच्या घराला लागतो.

पटत नसेल तर फ्रान्सचा नियम पाहावा, कारण तिथे मित्राच्या घराची किंमत सरकारनेच आकड्यांत मांडून ठेवली आहे. पर्यटकाजवळ रोजचे किमान किती पैसे असावेत, याचे फ्रान्सने तीन दर ठरवले आहेत. राहण्याचा कसलाच पुरावा नसेल तर दिवसाला १२० युरो, हॉटेलचं आरक्षण असेल तर ६५ युरो आणि कुणाच्या घरी राहणार असाल तर साडेबत्तीस युरो. म्हणजे दहा दिवसांसाठी अनुक्रमे १२००, ६५० आणि ३२५ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तरी मित्राकडे राहणाऱ्याला बत्तीस-तेहतीस हजार रुपये दाखवावे लागतात. घरामुळे रक्कम निम्मी झाली, शून्य झाली नाही. ही सवलतसुद्धा मित्राच्या ई-मेलवर किंवा चॅटच्या स्क्रीनशॉटवर मिळत नाही. ‘आतेस्तासिओं दाक्यूय’ नावाचा दाखला त्याने आपल्या गावच्या नगरपालिकेतून काढायचा असतो. त्यासाठी तो स्वतः जातो, शुल्काचा मुद्रांक भरतो, घराचे आणि उत्पन्नाचे कागद दाखवतो आणि महापौरांना वाटलं तर घराची पाहणीही होऊ शकते. मग मूळ दाखला टपालाने भारतात येतो. जो मित्र “ये रे कधीही” म्हणतो, तो एवढं करायला तयार आहे का, हे तिकिटाची किंमत बघण्याआधी विचारायला हवं. खरा मित्र हे करतो. टाळाटाळ झाली, तर तीही उपयोगाचीच माहिती आहे.

ब्रिटनचा नियम आणखी स्पष्ट आहे. तिथल्या इमिग्रेशन नियमांच्या ‘व्ही’ परिशिष्टात लिहिलंय, की पाहुण्याच्या प्रवासाचा, राहण्याखाण्याचा खर्च दुसऱ्या कुणी करायला हरकत नाही. पण त्या दोघांमध्ये खरं व्यावसायिक किंवा वैयक्तिक नातं आहे आणि तो माणूस हा खर्च खरोखर उचलणार आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. प्रत्यक्ष कधीच न भेटलेल्या माणसाबद्दल ही खात्री पटवणं अवघड असतं. अशक्य मात्र नसतं. काही वर्षांचा सलग पत्रव्यवहार, व्हिडिओ कॉलच्या नोंदी, एखाद्या स्पर्धेतला किंवा कामातला सहभाग, हे सगळं जोडता येतं. अमेरिकेत तर निमंत्रणपत्राला जवळपास वजनच नाही. अभ्यागत व्हिसासाठी निमंत्रणपत्राची गरज नसल्याचं तिथल्या परराष्ट्र खात्याने आपल्या संकेतस्थळावर उघड लिहून ठेवलंय. तिथल्या कायद्याचं २१४(बी) हे कलम अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरून सुरू होतं आणि ते खोडून काढायचं काम अर्जदाराचं असतं. तुमची नोकरी, शेती, शिक्षण, घरातली माणसं, म्हणजे तुम्हाला परत ओढून आणणाऱ्या गोष्टी, यांवर तिथे निर्णय होतो. तरीही निमंत्रणपत्राचा नमुना विकणारे लोक आहेत आणि त्याला पैसे मोजणारेही आहेत, याचा राग येतो.

यावर हमखास उत्तर येतं ते असं: “ही सगळी श्रीमंत देशांची नाटकं. थायलंड-मलेशियाला काहीच लागत नाही.” व्हिसा लागत नाही आणि काहीच लागत नाही, यांत मोठं अंतर आहे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाविना येऊ दिलं, थायलंडने जुलै २०२४ मध्ये आपली सूट ६० दिवसांवर नेली. पण व्हिसा नसला म्हणजे दूतावासात व्हायची चौकशी तिथल्या विमानतळावरच्या खिडकीपाशी होते, एवढाच फरक. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, पुरेसे पैसे हे तिथे विचारलं जाऊ शकतं आणि उत्तर पटलं नाही तर प्रवाशाला माघारी पाठवायचा अधिकार त्या अधिकाऱ्याला असतो. दूतावासाने नकार दिला तर व्हिसाचं शुल्क बुडतं. विमानतळावरून परतावं लागलं तर सगळी सहल बुडते. मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र आधी भरावं लागतं, थायलंडचंही १ मे २०२५ पासून भरावं लागतं. ते फुकट असतं, म्हणून पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर ते भरू नये. आणि थायलंडच्या १९७९च्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी माणूस घरी उतरला, तर घरमालकाने चोवीस तासांत त्याची खबर द्यायची असते. मित्र भाड्याच्या खोलीत राहत असेल, तर त्याचा मालक हे करणार का? हा प्रश्न व्हिसा नसलेल्या देशातही सुटत नाही.

शिवाय अशी सूट एका अधिसूचनेने येते आणि एका अधिसूचनेने जाते. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली. नोकरीच्या किंवा पुढच्या देशात पोचवण्याच्या आमिषाने लोकांना तिथे बोलावून, अपहरण करून खंडणी मागितल्याचे प्रकार घडले आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून सामान्य पासपोर्टधारकांसाठी ती माफी थांबली. मागच्या वर्षी कुणी कसं गेलं, या माहितीवर यंदाचं तिकीट काढायचं नसतं.

दुसरा आक्षेप जरा हुशारीचा असतो: पैसे दाखवायचेच आहेत ना, मग अर्जाआधी नातेवाइकांकडून दोन लाख खात्यात घ्यायचे आणि नंतर परत करायचे. खात्याचा उतारा मागतात तो याचसाठी, की शेवटची शिल्लक नव्हे तर पैशाची रीत दिसावी. वर्षभर आठ-दहा हजारांवर चाललेल्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात दोन लाख आले, तर ते पैसे कुठून आले हा प्रश्न येणारच. खरोखर वडिलांनी किंवा भावाने खर्च उचलायचा असेल, तर तसं पत्र, त्यांचा खात्याचा उतारा आणि नात्याचा कागद सरळ जोडावा. ते चालतं. खोटं आरक्षण, खोटा नोकरीचा दाखला मात्र जोडू नये. खोटा कागद हे फ्रान्ससह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या नियमांत नकाराचं स्वतंत्र कारण आहे आणि त्या नकाराची नोंद पुढच्या अर्जाच्या वेळी समोर येते.

मग कमी पैशांत ही भेट होते कशी? क्रम बदलला की होते. बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट पकडतात आणि मग कागदांमागे धावतात. परत न मिळणारं तिकीट हातात आणि व्हिसाला नकार, यापेक्षा महाग काही नाही. शेंगेन व्हिसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क, आणि नकार आला तरी हे परत मिळत नाही. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. म्हणजे घाईचं कारण मुळात उरत नाही. गंधवानीच्या मुलाला यात आणखी एक खर्च धरावा लागतो, जो मुंबई-पुण्याला बसून सल्ला देणाऱ्यांच्या हिशेबात नसतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं आणि अर्ज केंद्रं मुंबई, दिल्ली, अहमदाबादसारख्या शहरांत असतात. गंधवानीहून रस्त्याने इंदूर, तिथून पुढचा प्रवास, एखादा मुक्काम, बुडालेली मजुरी किंवा रजा, हे सगळं व्हिसाच्या खर्चातच मोजायचं. एखादा कागद राहिला म्हणून दुसरी खेप पडली, तर स्वस्त तिकिटाने वाचवलेले पैसे तिथेच संपतात.

स्वस्त तिकिटाचीही एक मेख असते. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास स्वस्त पडतो खरा, पण मधल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा द्यावं लागलं तर त्या देशात शिरावं लागतं, आणि शिरायला त्या देशाची परवानगी लागते. अमेरिकेतून नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीयाला व्हिसा लागतो. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कुणीच घेत नाही.

एकेकाळी हे एवढं नव्हतं. १९१२च्या नाताळात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासला तिथल्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांच्याकडे पाहुणा म्हणून उतरला, तोही माल्कम डार्लिंग या समाईक मित्राच्या ओळखीवर. १९२१ साली तो तुकोजीरावांचा खासगी चिटणीस म्हणून पुन्हा देवासला आला, तोवर भारतात शिरायला पासपोर्ट सक्तीचा करणारा १९२०चा कायदा झाला होता. नुसत्या मैत्रीवर सीमा ओलांडायचे दिवस शंभर वर्षांपूर्वीच संपले आहेत, आणि आजचं नियोजन हे धरूनच करावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीसाठी मित्राच्या देशाचाच हट्ट का धरावा, असा माझा प्रश्न आहे. दोघांनाही सोपा असा तिसरा देश निवडता येतो. नेपाळला जायला भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. सर्वसाधारण प्रौढ प्रवाशाचं आधार कार्ड मात्र विमानाने जाताना चालत नाही. समोरचा मित्र युरोपातला असो की आग्नेय आशियातला, बहुतेक देशांच्या नागरिकांना काठमांडूला उतरल्यावर व्हिसा मिळतो: पंधरा दिवसांचा ३० डॉलर, महिन्याचा ५० डॉलर. गोरखपूर-सुनौलीच्या रस्त्याने गेलं तर आपल्याला विमानाचीही गरज नाही. दोघं स्वतंत्र खोल्यांत राहतात, कुणी कुणाच्या घराच्या आधाराने नसतो आणि पहिल्या भेटीत सूर जुळला नाही तर दोघंही आपापल्या वाटेने परतू शकतात. मित्राच्याच देशात जायचं ठरलं तरी पहिल्या दोन रात्रींची स्वतःची खोली आणि परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःजवळ हवेत. मित्राच्या चांगुलपणावर यात अविश्वास नाही. परक्या गावात दार बंद झालं तर जायला जागा हवी, इतकी ही साधी गरज आहे.

उरलेले गैरसमज लहान आहेत, पण गंधवानीच्या बाजूला पहिला फार चालतो: दहावी झाली नाही, पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे परदेशी जायला सरकारी मंजुरी हवी असा शेरा आहे, तेव्हा परदेशी जाताच येत नाही. ती अट १९८३च्या उत्प्रवास कायद्याखालची आहे आणि ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरती आहे. थायलंड आणि मलेशिया त्या यादीत आहेत, पण पर्यटक म्हणून, परतीच्या तिकिटासह जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. पर्यटक म्हणून जाऊन तिथे नोकरी धरायची, असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबावं. थायलंडला म्हणून नेलेली आणि म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडलेली भारतीय माणसं मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावी लागली. तिकीट पाठवणारा मित्र उदार असतो, हे दर वेळी खरं नसतं. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्या पैशाने पहिल्यांदा परदेशी जाऊ नये. परतताना “माझ्या चुलत भावाला एवढं दे” म्हणून दिलेलं बंद पुडकं घेऊ नये, कारण विमानतळावर ते ज्याच्या पिशवीत सापडतं त्यालाच जाब द्यावा लागतो. रोख परकीय चलन हवं तेवढं नेता येतं हेही चूक. नोटांची मर्यादा एका प्रवासाला ३००० डॉलर आहे, बाकीचे पैसे कार्डावर न्यावेत.

आणि मित्रच इकडे येणार असेल, तर दोन गोष्टी. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची जबाबदारी आपल्याकडेही घरमालकाची आहे. ‘सी फॉर्म’ म्हणून ती ओळखली जाते आणि गंधवानीतल्या घरालाही ती लागू आहे. दुसरी गोष्ट: “तुमची मैत्रीण दिल्ली विमानतळावर उतरली, तिच्याजवळचं परकीय चलन कस्टमने अडवलं, सोडवायला एवढे भरा” असा फोन आला, तर पैसे भरू नयेत. कस्टम खातं कुणाच्या खासगी खात्यात शुल्क घेत नाही. त्यांच्या प्रत्येक पत्रावर ‘डिन’ नावाचा क्रमांक असतो आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तो खरा की खोटा हे लगेच तपासता येतं. पैसे गेलेच असतील, तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.