हिवतापाच्या जंतूचे हिरवे पूर्वज

हिवतापाचा धडा शिकवताना आपण डास, तांबड्या रक्तपेशी आणि प्लाझ्मोडियम यांची आकृती फळ्यावर काढतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात या परोपजीवीची वाढणारी अवस्था दिसली, हेही सांगतो. पण एखाद्या चौकस मुलीने विचारले, "बाई, हा जंतू दुसऱ्याच्या शरीराबाहेर जगूच शकत नाही, तर त्याचे पूर्वज कसे जगत होते?" तर काय उत्तर द्यायचे?

उत्तराचा धागा प्लाझ्मोडियमच्या पेशीतच दडलेला आहे. या पेशीत चार आवरणांचे एक इवलेसे अंगक असते. त्यात सुमारे ३५,००० जोड्यांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. त्यावरील जनुके वनस्पतींच्या हरितलवकातील जनुकांशी जुळतात, आणि हे अंगक म्हणजे एक लवकच आहे हे १९९६-९७ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्याला एपिकोप्लास्ट म्हणतात. त्यात हरितद्रव्य नाही आणि प्रकाशसंश्लेषणही होत नाही. मग रक्ताच्या अंधारात राहणाऱ्या जीवाकडे लवक आले कोठून?

याचा अर्थ एकच: प्लाझ्मोडियमचे फार प्राचीन पूर्वज सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे एकपेशीय सजीव होते. एका एकपेशीय जीवाने लवक असलेले शैवाल गिळले, पण ते पचवले नाही. चार आवरणे ही त्या गिळण्याची खूण आहे.

या घराण्यातील हिरवी शाखा आजही जिवंत आहे. सिडनी बंदरातील प्रवाळात क्रोमेरा नावाचा एकपेशीय सजीव सापडला आणि २००८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो प्रवाळाच्या सहवासात आढळतो, प्रकाशसंश्लेषण करतो आणि प्रयोगशाळेत प्रवाळाशिवायही वाढतो. तो प्लाझ्मोडियमचा पूर्वज नव्हे, दोघांचा पूर्वज एक होता, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

आता पेशीत शिरण्याचे हत्यार पाहू. प्लाझ्मोडियमच्या टोकाशी एक खास रचना असते. तिच्या मदतीने तो रक्तपेशीत घुसतो. कोल्पोडेला हा त्याचा दूरचा नातलग पाण्यात आणि मातीत मुक्तपणे राहतो. तो अशाच टोकाने भक्ष्याला चिकटतो आणि त्याच्या पेशीतील द्रव्य शोषून घेतो. म्हणजे हत्यार परोपजीवीपणासाठी नव्याने घडले नाही. शिकारीचे जुने साधन पुढे घरात शिरण्यासाठी वापरले गेले.

घरात शिरल्यावर काय झाले? क्रोमेराकडे सुमारे २६,००० जनुके आहेत, तर प्लाझ्मोडियम फाल्सिपेरमकडे सुमारे ५,३००. आपण चटकन म्हणतो, "आयते खायला मिळाले म्हणून तो आळशी झाला." हे बरोबर नाही. डीएनए बनवायला लागणारे प्युरीन तयार करण्याचे जनुक उत्परिवर्तनाने बिघडले, तर मुक्त जगणारी पेशी सहसा मरेल. यजमानाच्या पेशीत प्युरीन तयार मिळत असल्याने परोपजीवी मात्र तगेल. बिघाडाची शिक्षा होत नाही, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. अशी जनुके एकेक करून गेली की परतीची वाट बंद होते.

पण केवळ गमावणे म्हणजे परोपजीवीपणा नव्हे. फाल्सिपेरमकडे सुमारे ६० जनुकांचे एक कुटुंब आहे. त्यांतील प्रथिने आलटूनपालटून रक्तपेशीच्या पृष्ठभागावर मांडून तो आपल्या प्रतिकारशक्तीला चकवतो. म्हणून त्याला 'अधोगती झालेला' जीव म्हणणेही चूक ठरते.

मग निकामी वाटणारे लवक टिकले कशासाठी? त्यात आयसोप्रेनॉइड नावाच्या आवश्यक रसायनांचा कच्चा माल बनतो. २०११ मध्ये प्रयोगशाळेत हा कच्चा माल बाहेरून पुरवला, तेव्हा रक्तातील अवस्थेचे परजीवी लवकाशिवायही जगले. एरवी मात्र लवक गेले की जंतू मरतो. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक या लवकातील प्रथिननिर्मिती रोखते. परिणाम लगेच दिसत नाही. पुढच्या पिढीतील जंतू मरतात. आपल्या पेशींत लवक नसतेच, म्हणून औषध शोधणाऱ्यांना हे लक्ष्य मोलाचे वाटते. पूर्वजांचा हिरवा वारसाच जंतूचे मर्मस्थान ठरला आहे.

वर्गात हे कसे दाखवावे? जवळपासच्या कुंपणावर पिवळी अमरवेल शोधा. तिला पाने नाहीत, जमिनीत मुळे नाहीत, तरी फुले येतात. तिने काय गमावले, काय राखले आणि नवे काय मिळवले, याची तीन रकान्यांत यादी विद्यार्थ्यांनाच करू द्या. मग शेजारी प्लाझ्मोडियमसाठी तशीच यादी करायला सांगा. त्या चौकस मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच वहीत सापडेल.