पाण्यातील पाळणा

धार व देवास यांच्या दरम्यान, इंदूरहून धारेस जाणाऱ्या रस्त्यालगत सिरपूर तलाव आहे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत २०२२ साली त्याचा समावेश झाला. तळ्यात अन्न मिळते; परंतु घरट्यास निर्भय जागाही हवी. बेटाभोवतीचे पाणी कोल्ह्याकुत्र्यांना खंदकाप्रमाणे अडविते. नदीसुरयाला उघडी वाळू पुरते, चित्रबलाकाला मात्र झाड लागते. म्हणून राजस्थानात भरतपूरच्या पाणथळीत मातीचे उंचवटे रचून त्यांवर बाभळी लावल्या. तेथे चित्रबलाकांच्या वसाहती होतात. पण अवर्षणात पाणी ओसरले की बेटाचे साधे टेकाड होते आणि शत्रूला वाट मोकळी मिळते. विद्यार्थी मित्रहो, आम्हांस वाटते, बेट रचणाऱ्याने आधी तळ्याचे पाणी राखावे. घरट्याचा खरा पहारेकरी तेच आहे.