काळ्या पाषाणातील निळे स्फटिक

बऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाताना जो काळा पाषाण दिसतो, त्याच कुळातला पाषाण पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत फोडला जातो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचा तो बेसाल्ट होय. रस थिजताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या व पुढे ऊन पाण्याने त्यांत नानाविध खनिजे जमविली. त्यांतलेच एक गर्द निळे, दुर्मिळ सिलिकेट म्हणजे कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन या मूलद्रव्यांवरून त्याला हे नाव मिळाले. १९६७ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात त्याचा प्रथम शोध लागला. परंतु त्याचे अत्यंत देखणे नमुने जगाला दिले ते वाघोलीनेच.

या खनिजाला पेंटागोनाइट नावाचे एक भावंड आहे. रंग निळाच आणि रासायनिक घटकही तेच, त्याच प्रमाणात. मग ही दोन खनिजे वेगळी कशी? रसायनशास्त्राचा तराजू येथे थांबतो. बऱ्हाणपूरच्या विणकराला मात्र याचे नवल वाटणार नाही. सूत तेच असले, तरी वीण बदलली की कापड बदलते.

ही वीण पाहावयाची कशी? अणूंमधील अंतर मिलिमीटरच्या कोट्यंशाच्या घरातले. तेथे दृश्य प्रकाश निरुपयोगी. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र त्याच मापाची असते. ते स्फटिकावर सोडले, तर ओळीने मांडलेल्या अणूंवरून विखुरतात व ठराविक दिशांनाच ठिपके उमटवितात. हे १९१२ साली जर्मनीत दिसून आले. पुढल्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून अणूंची मांडणी काढून दाखविली. ठिपक्यांच्या स्थानांवरून स्फटिकाच्या मूळ घराची लांबी-रुंदी कळते. त्यांच्या तीव्रतेवरून घरात कोण कोठे बसला आहे, ते ताडावे लागते. कारण लाटांची उंची नोंदली जाते, त्यांचा मेळ नोंदला जात नाही. म्हणून एक मांडणी कल्पावयाची, तिचे ठिपके गणिताने काढावयाचे आणि प्रत्यक्षाशी जुळेपर्यंत ती सुधारीत न्यावयाची.

हॉवर्ड इव्हान्स यांनी १९७३ साली या दोन्ही खनिजांची रचना प्रसिद्ध केली. दोहोंत सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या चतुष्फलकांचे पापुद्रे असून कॅल्शियम व व्हॅनेडियम त्यांना एकत्र सांधतात; पाण्याचे रेणूही आत सामावतात. भेद आहे तो कड्यांचा. कॅव्हनसाइटच्या पापुद्र्यात चार व आठ चतुष्फलकांची कडी आहेत, तर पेंटागोनाइटच्या पापुद्र्यात सहांची. पेंटागोनाइटच्या ज्या पंचकोनी रूपावरून त्याला नाव मिळाले, तेही पाच जुळ्या स्फटिकांच्या संयोगाचे आहे.

अशी वीण उकलण्यास अखंड स्फटिक लागतो, मग तो मोहरीएवढाही का असेना. आपल्या खाणी तर खडीसाठी चालतात. घण घालणाऱ्याची नजर निळ्या कणावर वेळीच ठरली तर तो संग्रहालयात जातो. अन्यथा रस्त्याच्या खडीत मिसळतो आणि त्याच्यासवे कोट्यवधी वर्षे जपलेली अणूंची रांगोळीही पुसली जाते.