रोजा, झोप आणि मास्क

रमजानात लासूर स्टेशनची रात्र आखूड होते. तरावीहनंतर अंथरूण, पहाटे सहरीला जाग. सकाळी तोंडाला कोरड पडली की दिवसभराच्या रोजाची धास्ती वाटते; मग झोपेत श्वास अडणारा रुग्ण सीपॅपचा मास्कच बाजूला ठेवतो. पण हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारे हे यंत्र थांबले, की श्वास पुन्हा अडू लागतो.

कोरड बहुधा झोपेत तोंड उघडल्याने पडते. यंत्राच्या पाण्याच्या डबीने हवा ओलसर होते. दाढीमुळे मास्कमधून हवा निसटत असेल, तर नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क विचारावा. नाक चोंदत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

सहरीनंतरच्या डुलकीलाही मास्क हवाच. ओलसर हवेने रोजाला बाध येईल का, ही शंका आलिमांना विचारावी. यंत्र मात्र आपल्या मनाने बंद करू नये.