जुना लॅपटॉप, घरचा टीव्ही आणि मधली डबी



गणपतीला मुंबईहून आलेली मुलं परत जाताना आपला जुना लॅपटॉप गावच्या घरी ठेवून जातात. मालगुंडात आता असे लॅपटॉप बऱ्याच घरी आहेत. गटाच्या हिशेबाला ते चांगले चालतात, पण बैठकीला आपण दहा-बारा जणी आणि पडदा एवढासा. लॅपटॉप जिच्या मांडीवर, हिशेब फक्त तिच्याच डोळ्यांपुढे! उमेदच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे अशी पाच कामं येतात. शेवटचं काम सगळ्यांसमोर झालं, तर बाकीच्या चारांवरची कुजबुज आपोआप कमी होते, असं आमचं मत आहे. त्यासाठी प्रोजेक्टर घ्यायला नको. घरचा टीव्ही पुरतो.

आता जोडायचं कसं ते बघू. दुकानात जाण्याआधी दोन्ही वस्तूंची तोंडं बघा. लॅपटॉपच्या कडेला बहुधा निळं, दोन्ही बाजूंनी तिरकं झालेलं एक तोंड असतं. त्यात तीन ओळींत पंधरा भोकं आणि दोन टोकांना स्क्रूची जागा. हे व्हीजीए. 1987 साली आयबीएम कंपनीने आणलं आणि पुढे पंचवीसेक वर्षं सगळीकडे चाललं. टीव्हीच्या पाठीमागे जे चपटं, खालचे दोन कोपरे कापलेलं तोंड असतं ते एचडीएमआय. लॅपटॉपलाही तेच चपटं तोंड असेल तर प्रश्नच मिटला, एक साधी एचडीएमआय वायर आणा. आणि टीव्ही दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असेल तर त्याच्याही मागे ‘पीसी’ लिहिलेलं निळं तोंड सापडू शकतं. तसं असेल तर सरळ व्हीजीए वायर आणि आवाजासाठी एक वेगळी बारीक वायर, एवढ्यात काम होतं. सर्वांत स्वस्त वाट हीच, म्हणून आधी ती तपासा.

लॅपटॉपला फक्त निळं आणि टीव्हीला फक्त चपटं, अशी जोडी असली की मध्ये डबी लागते. का लागते हे समजलं तर दुकानदार चुकीची वस्तू गळ्यात मारू शकत नाही. व्हीजीएतून चित्र जातं ते विजेच्या कमी-जास्त होणाऱ्या दाबाने, विहिरीतलं पाणी वर-खाली व्हावं तसं. एचडीएमआयला मात्र वहीत लिहिलेले आकडे हवेत. म्हणजे पाण्याची पातळी बघून आकडा लिहिणारा कुणीतरी मध्ये बसायला हवा. डबीतली चिप हे मुनीमाचं काम करते. मुनीम उपाशीपोटी काम करत नाही, म्हणून डबीला यूएसबीची एक शेपटी असते. ती लॅपटॉपला लावली की तिला वीज मिळते. एका टोकाला निळं, दुसऱ्या टोकाला चपटं, पण मध्ये डबी नाही आणि यूएसबीची शेपटीही नाही, अशी नुसती वायर स्वस्तात मिळते. ती घेऊ नका, तिच्याने चित्र येणार नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ या दोन वेगळ्या डब्या आहेत आणि दिसायला सख्ख्या बहिणी. उलटी लावून चालत नाही. दुकानात एवढंच म्हणा, “लॅपटॉप जुना, व्हीजीएचा. टीव्ही एचडीएमआयचा. चित्र लॅपटॉपकडून टीव्हीकडे जायचंय.” दोन्ही तोंडांचे फोटो मोबाईलमध्ये काढून नेले तर उत्तम. रत्नागिरीची एक फेरी म्हणजे अर्धा दिवस, तो फुकट का घालवायचा?

व्हीजीएतून आवाज जात नाही. म्हणून डबीवर आवाजाचं गोल भोक असलेलीच घ्या आणि लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून तिथे बारीक वायर जोडा. जोडताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. मग टीव्हीच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून ज्या तोंडात वायर लावली ते एचडीएमआय निवडा. लॅपटॉपवर विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरा, पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार बदलून बघा. अक्षरं बारीक वाटली तर कंट्रोलसोबत अधिकची कळ दाबा, काही ठिकाणी ती मोठी होतात.

जुन्या डब्बा टीव्हीसाठी पिवळ्या-पांढऱ्या-लाल तोंडांची डबीही मिळते. प्रशिक्षणाचा व्हिडिओ तिच्यावर बघता येईल, पण हिशेबाचे आकडे फुसकट दिसतात. गटाचे पैसे त्यात घालू नयेत असं आम्हाला वाटतं.

एक सावधगिरी. टीव्हीवर सगळंच दिसतं, म्हणून बँकेचा पासवर्ड टाकायचा असेल तेव्हा आधी वायर काढा.

आपल्याकडे समुद्राच्या खाऱ्या हवेने तोंडातल्या पिना हिरव्या पडतात. काम झालं की डबी कोरड्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात ठेवा. व्हीजीएचे स्क्रू आधी सोडवा, हिसका देऊन ओढलं तर पिना वाकतात. आणि मेअखेरीला किंवा परतीच्या पावसात गडगडायला लागलं की बैठक अर्धी राहिली तरी चालेल, पण टीव्हीचा प्लग, डिशची वायर आणि लॅपटॉपचा चार्जर तिन्ही काढून ठेवा.